मैत्रिणीला घेऊन कळसूबाई: वर कसं जायचं आणि भांडण न होता खाली कसं यायचं

आधीच सांगते, मी काही मोठी ट्रेकर वगैरे नाही. डोंबिवलीत राहते, आठवडाभर लोकल आणि लॅपटॉप, आणि पावसाळा संपला की जमतील तेवढे डोंगर. पण कळसूबाई चार वेळा झालीये. त्यातली दुसरी वेळ एवढी फसली की सोबतच्या मैत्रिणीशी नंतर दोन आठवडे बोलणंच नव्हतं, आणि चौथ्या वेळी तिलाच घेऊन परत गेले आणि मस्त झालं. डोंगर तोच, वाट तीच, महिना पण जवळजवळ तोच. फरक एवढाच की नंतरच्या वेळी निघायच्या आधी घरी बसून चहा पीत पीत सगळं ठरवून टाकलं होतं. तर कळसूबाईची माहिती देतेच, पण मुख्य सांगायचंय ते हे की एक नेहमी चालणारी आणि एक कधीच न चालणारी अशा दोघी (किंवा दोघं, जे असेल ते) एकत्र शिखरावर कशा जातात.

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा, १६४६ मीटर, फुटात ५४००. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर म्हणजे आधीचं अहमदनगर, आणि डोंगराच्या पलीकडे लगेच नाशिकचा इगतपुरी तालुका. लोकं हौसेने महाराष्ट्राचं एव्हरेस्ट म्हणतात, त्याने होतं काय की नवीन माणूस एकतर उगाच घाबरतो नाहीतर 'आमच्या शेजारच्या काकू साडी नेसून गेल्या होत्या' ऐकून एकदम हलक्यात घेतो. काकू गेल्याच असतील, आजूबाजूच्या गावातल्या बायका नवरात्रात देवीला जातातच की, पण त्या रोज डोंगर चढतात, आपण रोज लिफ्टने जातो. विरळ हवेचा त्रास इथे होत नाही, तो साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो. त्यामुळे मैत्रीण म्हणाली की श्वास पुरत नाहीये तर तो उंचीचा दोष नाही, तुम्ही तिला पळवताय. पण पायथ्याच्या बारी गावातून शिखर म्हणजे साडेआठशे मीटरच्या आसपास चढ आहे, तीन मीटरचा एक मजला धरला तर २८० मजले, आणि तेवढेच परत उतरायचे. हा आकडा सोबतच्या माणसाला आधीच सांगा. मी सांगितला नव्हता, 'अगं सोपंय, शिड्या आहेत' एवढंच सांगितलं होतं. तिला वाटलं शिड्या म्हणजे जिना.

वेळेचा हिशोब करायला एक जुना नियम आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने १८९२ मध्ये मांडलेला: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर धरायचे आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. म्हणजे कळसूबाईला नुसत्या चढाचाच दीड तास झाला, त्यात चालायचं अंतर आलं, आणि हा हिशोब स्कॉटलंडच्या थंडीतल्या फिट माणसाचा आहे, यात लिंबू सरबत, फोटो आणि शिडीची लाईन धरलेली नाही. नवीन माणसासोबत चढायला साडेतीन ते चार तास, वर पाऊण-एक तास, उतरायला तीन तास असं धरा. कुणी दोन तासात जाऊन आलो म्हणालं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता देवीची गोष्ट, कारण ती इथे फारच फिट बसते. असं सांगतात की कळसू नावाची मुलगी एका पाटलाकडे कामाला राहिली, राहतानाच अट घातली की बाकी सगळं करीन पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. बरेच दिवस ठीक चाललं, मग एकदा घरी पाहुणे खूप आले आणि तिला नेमकी तीच कामं लावली. तिने केली, आणि निघून डोंगरावर गेली ती कायमचीच. जिथे भांडी घासली ती जागा थाळमेळ आणि केर टाकला तो काळदरा, अशी नावं तिकडे सांगतात. मला ही गोष्ट प्रचंड आवडते. आमच्या दुसऱ्या वेळेस हेच झालं होतं, फक्त आमच्यात अट आधी कुणी बोलूनच दाखवली नव्हती, त्यामुळे मोडल्यावर भांडायला पण काही हातात नव्हतं.

तर अटी. एक, पुढे कोण चालणार. जी हळू आहे ती पुढे, जोरात चालणारी मागे, यात वाद नाही. आपल्याकडे उलट करतात, दमदार माणूस पुढे सुटतो आणि वळणावर बसून वाट बघतो, मागची धापा टाकत पोचली की हा उठतो, 'चला?' आणि निघतो, म्हणजे ज्याला विश्रांती नको होती त्याला दहा मिनिटं मिळाली आणि जिला हवी होती तिला शून्य. मी अख्खा डोंगर हेच केलं होतं आणि मला वाटत होतं मी किती समजूतदार आहे, थांबतेय तरी. हळू माणूस पुढे असला की तुमचा स्पीड आपोआप जमतो, आणि तिचा पाय कसा पडतोय हेही तुम्हाला मागून दिसतं.

दुसरी अट, परत फिरायची वेळ. घड्याळातली वेळ, 'बघू' नाही. सकाळी सहाला बारीतून निघालात तर साडेअकरा. साडेअकराला जिथे असू तिथून मागे, शिखर समोर दिसत असलं तरी. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य जातो आणि अंधारात दमलेल्या पायाने त्या पायऱ्या उतरणं हे मी एकदा केलंय, टॉर्च एकच होता, तो पण मोबाईलचा आणि बॅटरी अकरा टक्के.

तिसरी, कुणीही कधीही 'बस्स' म्हणू शकते आणि मग समोरचीने समजूत घालत बसायचं नाही. एकदा विचारायचं, खा-प्यायला द्यायचं, पंधरा मिनिटं बसायचं, परत विचारायचं. तरीही नाही तर दोघी खाली. एकीने मधल्या टपरीवर बसायचं आणि दुसरीने वर जाऊन यायचं हे फक्त गर्दीच्या दिवशी, उजेडात, बसणारीची तब्येत चांगली असेल तर, आणि तेव्हा गाडीची किल्ली, पाणी, पैसे बसणारीकडे ठेवून. चक्कर, उलटी, छातीत दुखणं असं काही असेल तर एकटं ठेवायचा प्रश्नच नाही, ११२ ला फोन लावा आणि गावातल्या माणसांना हाक मारा, तिथले लोक मदतीला धावतात.

चौथी अट, येताना गाडी कोण चालवणार. हे सगळ्यात शेवटी परत सांगते, कारण हे लोकं विसरतातच.

आणि एक छोटीशी पण महत्त्वाची, एकमेकींच्या घरचा नंबर घ्या, औषधं विचारून घ्या. दमा, बीपी, शुगर, गुडघ्याचं ऑपरेशन. पंधरा वर्षांची मैत्री असते आणि तिला दम्याचा पंप लागतो हे आपल्याला अर्ध्या डोंगरावर कळतं.

कधी जायचं? माझं मत सप्टेंबर शेवट ते फेब्रुवारी. सप्टेंबर-ऑक्टोबरला सोनकीच्या फुलांनी डोंगर पिवळाधमक असतो, तेरडा असतो, हवा धुतलेली असते. डिसेंबर-जानेवारीत थंडी मजबूत पण चालायला मजा. भर पावसाळ्यात लोकं झुंडीने जातात, मीही गेलीये, वर गेल्यावर ढगात पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही, वारा असा की उभं राहता येत नाही, पायऱ्यांवर शेवाळ. भिजायला जायचं असेल तर भंडारदऱ्याला धबधबे आहेत, पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला त्या दिवसात शिड्यांवर कशाला नेता. मार्चनंतर ऊन, झाडी वर फार नाही, दहा वाजता खडक तापतो. नवरात्रात जत्रा असते, देवीसाठी जायचं तर जरूर जा, ट्रेक म्हणून जायचं तर ते नऊ दिवस सोडा. शनिवार रात्र तर सोडाच सोडा. सूर्योदय बघायचा म्हणून बसेस भरभरून लोकं मध्यरात्री चढायला लागतात, शिडीखाली लाईन लागते, कुणाच्या तरी ब्लूटूथ स्पीकरवर गाणी, थंडीत उभं राहून घाम गार होतो. आम्ही चौथ्या वेळी शुक्रवारी सुट्टी टाकून गेलो, वाटेत मोजून अकरा माणसं भेटली.

तयारी. महिनाभर आधी सुरू करा, जिम लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस बिल्डिंगचे जिने, आधी दहा मजले, मग वाढवत चाळीस-पन्नास, आणि चढून लिफ्टने खाली येऊ नका, उतरा पण, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरण्याने, चढण्याने नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, त्याची सवय नसली की मग तो आठवडाभर बोलतो. एखाद्या रविवारी छोटा डोंगर करून बघा. पुण्याचे असाल तर आतकरवाडीतून सिंहगड, मैत्रीण दीड तासात बोलत बोलत वर पोचली तर कळसूबाई होईल. बोलत बोलत महत्त्वाचं आहे. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर स्पीड बरोबर, दोन-दोन शब्दांवर आली की कमी करा, हीच टेस्ट डोंगरावर पण वापरायची.

सामान फार नको. प्रत्येकीचं पाणी प्रत्येकीच्या पाठीवर, तीन लिटर. 'तुझं पण मी घेते' हा प्रेमळपणा करू नका, बाटली दुसरीच्या बॅगेत असली की माणूस मागायला लाजतो आणि पाणी पितच नाही, आमची मैत्रीण असंच करत राहिली आणि दुसऱ्या शिडीच्या वर तिच्या पोटरीत असा गोळा आला की ती ओरडलीच. इलेक्ट्रॉलची दोन पाकिटं, घरचं मीठ-साखर-लिंबू पण चालतं. खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याची चिक्की, संत्री, काकडी, आणि एक काहीतरी खारं, कारण तिसऱ्या तासाला गोड नको होतं, तेव्हा चिवडा म्हणजे अमृत. वेफर्सचं मोठं पाकीट नको, ते माकडांना लांबून ऐकू येतं. हेडटॉर्च दोघींना वेगवेगळा, दिवसाचा ट्रेक असला तरी. विंडचीटर, कारण उंचीने दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री तापमान उतरतं, म्हणजे गावापेक्षा वर पाचेक डिग्री कमी, आणि वर वारा. टोपी, एक जास्तीचा टीशर्ट चढून झाल्यावर बदलायला, क्रेप बँडेज, बँडएड, पेनकिलर. कॅश सुट्टे, नेटवर्क येतं-जातं त्यामुळे युपीआयच्या भरवशावर राहू नका. मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा, वाट मळलेली आहे, चुकणं अवघड, पण असू द्या.

बूट नवीन नकोत. तीन हजाराचेच पाहिजेत असं काही नाही, आपल्याकडे अर्धी सह्याद्री लोकांनी अ‍ॅक्शनच्या स्वस्त बुटात पालथी घातलीये, रबरी सोल आणि खाचा पाहिजेत बस्स. आदल्या दिवशी पायाची नखं कापा. हसू नका, उतरताना बोटं पुढे आपटतात आणि नख काळं पडून महिन्याने निघतं, अनुभव आहे.

बायकांसाठी एक, वर टॉयलेट वगैरे धरून चालू नका, गावात ज्यांच्याकडे जेवण सांगाल त्यांच्याकडे जाऊन या आणि मग निघा. पाळीची तारीख जवळ असेल तर सगळं सोबत ठेवा आणि वापरलेलं कागदात-पिशवीत बांधून परत आणा, दगडाखाली सरकवू नका. टिश्यूचं पण तेच.

पोचायचं कसं. मुंबईहून ट्रेनने रात्रीची कसारा लोकल पकडून कसाऱ्याहून जीप ठरवायची, नाहीतर एक्सप्रेसने इगतपुरी, तिथून घोटी, घोटीवरून राजूर-अकोल्याकडे जाणारी एसटी बारीला सोडते पण गाड्या मोजक्या, टायमिंग आधी विचारून घ्या. स्वतःची गाडी असेल तर कसारा घाट, इगतपुरी, घोटीला हायवे सोडून उजवीकडे भंडारदऱ्याचा रस्ता आणि सरळ बारी. नाशिककरांना तर घोटीवरून दोन तास पण लागत नाहीत. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता, पाच तास धरा. मी म्हणेन आदल्या संध्याकाळीच जा आणि गावात मुक्काम करा, घरगुती सोय होते, साधी, गोधडी-चटई, पण रात्री पिठलं-भाकरी आणि झोप मिळते. रात्रभर प्रवास करून सकाळी सरळ चढायला लागणं हे विशीत ठीक आहे. दुपारचं जेवण सकाळी निघतानाच सांगून ठेवा, किती जण आणि साधारण किती वाजता, म्हणजे एक फायदा असाही की तुम्ही परत आलाच नाहीत तर कुणालातरी कळतं.

एक वाट इगतपुरी बाजूच्या इंदोरे गावातूनही आहे. ती पहिल्यांदा नको.

आता चढ. गावातून शेताशेतातून वाट जाते, पायथ्याशी देवीचं देऊळ आहे, ज्यांना वर जाणं होत नाही ते इथेच नमस्कार करतात. इथपर्यंत सगळे जोरात असतात, गप्पा, सेल्फी, आणि इथेच अर्ध्या लोकांचा ट्रेक बिघडतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मुद्दाम, लाज वाटेल एवढं हळू चाला. शरीर तापलं की श्वास आपोआप लाईनीवर येतो. लगेच पुढे पायऱ्यांचा खडा चढ लागतो, काही खोदलेल्या, काही बांधलेल्या, उंची कमीजास्त, रेलिंग आहे. पायऱ्यांवर नवी माणसं एका दमात वीस चढतात आणि मग कंबर धरून उभी राहतात. त्यापेक्षा एकसारखं, एक पायरी एक श्वास, जमलं तर बाजूच्या मातीच्या वाटेने छोटी पावलं. दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी पाच मिनिटं थांबा, उभ्या उभ्या किंवा दगडाला टेकून, पसरून बसलात की पाय गार पडतात आणि उठताना दुप्पट जीव जातो. तहान लागायच्या आधी दोन-दोन घोट.

वरून उतरणारी लोकं हमखास सांगतात 'आलंच, दहा मिनिटं'. ते दहा मिनिटं मी पहिल्या शिडीपासून ऐकत आलेय. ते प्रेमाने खोटं बोलतात, त्यांना माफ आहे, पण तुम्ही तुमच्या मैत्रिणीशी असं खोटं बोलू नका. तिने विचारलं किती राहिलं तर खरं सांगा, 'अजून दीड तास, दोन शिड्या'. पहिल्यांदा मी तिला चार वेळा 'हा चढ झाला की संपलं' म्हटलं होतं आणि प्रत्येक चढानंतर अजून एक चढ निघत गेला, कळसूबाईचा स्वभावच तसा आहे, खालून जे टोक दिसतं ते शिखर नसतंच. पाचव्या वेळी तिने उत्तरच दिलं नाही. आणि ही गोष्ट लक्षात ठेवा, बोलकं माणूस गप्प झालं की काहीतरी बिघडलंय. पाणी संपलंय, फोड आलाय, भीती वाटतेय, काहीही, पण बिघडलंय. तेव्हा विचारा. मी नव्हतं विचारलं, मला वाटलं निसर्गात रमली.

शिड्या लोखंडी आहेत, मजबूत आहेत, कठडे आहेत, पण खड्या आहेत. वर जाताना तोंड शिडीकडे, दोन्ही हात मोकळे, काठी बॅगेला बांधलेली, मोबाईल आत. एक हात सोडला तर दोन पाय टेकलेले पाहिजेत. एका वेळी एकीनेच जायचं, आधीची वर पोचली की मग दुसरी. वरून कुणी उतरत असेल तर घाई नको, त्यांना येऊ द्या. उंचीची भीती असणाऱ्या माणसाला 'खाली बघू नको' सांगून काही होत नाही, तो लगेच बघतोच. त्याऐवजी पायऱ्या मोठ्याने मोजायला लावा, आमच्या मैत्रिणीने मराठीत मोजायला सुरुवात केली आणि एकोणसाठला अडकली, एकोणसाठ की एकुणपन्नास यावर शिडीवरच वाद घातला आणि त्या नादात वर. उतरताना पण तोंड शिडीकडेच, जिना उतरल्यासारखं समोर बघत उतरू नका. माकडं शिड्यांजवळ असतात, हातात पिशवी दिसली की आलीच समजा, प्लास्टिकची पिशवी हातात नकोच.

आणि वीज. ऑक्टोबरमध्ये किंवा वळवाच्या दिवसात दुपारी ढग भरून आले तर शिखर आणि लोखंडी शिडी या दोन जागा सगळ्यात वाईट. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर लांब. तीस सेकंदाच्या आत असेल तर फोटो राहू द्या, खाली लागा. म्हणूनच सकाळी लवकर निघायचं, दुपारपर्यंत शिड्या मागे पडलेल्या असल्या पाहिजेत.

वाटेत सुट्टीच्या दिवशी टपऱ्या असतात, ताक, लिंबू सरबत, काकडी, कांदाभजी, मॅगी. घ्या, गावातल्या लोकांचं ते उत्पन्न आहे, आणि भाव करू नका, ते सगळं सामान कुणीतरी डोक्यावरून वर आणलेलं असतं. चढताना ताक-सरबत ठीक, भजी उतरताना. शेवटच्या शिडीच्या आधी एक विहीर लागते, तिथे शांत बसायला छान आहे, पाणी प्यायचं असेल तर फिल्टरची बाटली किंवा क्लोरीनची गोळी वापरा.

मग शेवटची शिडी आणि वर छोटंसं देऊळ. जागा फार नाही. चपला बाहेर काढा, रांग असेल तर रांगेत. मग टीशर्ट बदला, वाऱ्याच्या आडोशाला बसा आणि बघा. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ओळीत, मदन मधला. दक्षिणेकडे भंडारदऱ्याचं पाणी, प्रवरेवरचं ते धरण १९२६ साली पूर्ण झालं, त्यापलीकडे रतनगड आणि त्याचा खुट्टा म्हणजे सुळका, कात्राबाई, आजोबा हे डोंगर, आणि हवा स्वच्छ असेल तर हरिश्चंद्रगड. पूर्वेकडे बितनगड, पट्टा. पट्टा म्हणजे विश्रामगड, १६७९ मध्ये जालन्याच्या मोहिमेवरून परतताना महाराज तिथे राहिले, विश्रांती घेतली म्हणून विश्रामगड. मी मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, बघ, महाराजांनी पण विश्रांती घेतली, तूच तेवढी थांबू देत नाहीस.

वर पाऊण तास बसा. खा, बूट काढून पाय मोकळे करा, उतरायच्या आधी लेस वर घोट्याशी घट्ट बांधा म्हणजे पाय पुढे घसरत नाही. अर्धं पाणी शिल्लक पाहिजे. आणि परत एकदा एकमेकींना विचारा, गुडघे कसेत.

कारण खरा ट्रेक आता आहे. पडझड होते ती बहुतेक उतरतानाच, पाय थकलेले, मन घरी पोचलेलं. उतरताना पण हळू चालणारी पुढेच. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, घसाऱ्याच्या जागी आडवं पाऊल टाका, पाठीवर रेलून चाललात की घसरलात, वजन पायावर पाहिजे. दोघींमध्ये थोडं अंतर ठेवा, मागचीच्या पायाने सुटलेला दगड पुढचीला लागू नये. काठी असेल तर आता काढा, दोघींत दोन काठ्या असतील तर दोन्ही तिला द्या. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पंजा स्वतःकडे ओढायचा, हळू दाबायचं, मीठ-साखर पाणी द्यायचं आणि गोळा गेल्यावरही दहा मिनिटं थांबायचं. मी दोन मिनिटांत उठवलं होतं, तो परत आला, आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

कचरा खाली आणा. दुसऱ्याचा एक-दोन बाटल्या उचलल्यात तर उत्तमच. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून, पण बाटल्या बघून वाटत नाही.

गावात पोचलात की गरम पाण्याने तोंड धुवा, पिठलं, भाकरी, ठेचा, वर भात. आणि इथे चौथी अट. पोटभर जेवून, सात तास चालून, पहाटे पाचला उठलेलं माणूस कसारा घाटात गाडी चालवणार असेल तर या अख्ख्या दिवसातलं सगळ्यात धोक्याचं काम ते आहे, शिड्या नाहीत. जेवल्यावर अर्धा-पाऊण तास झोप काढा, ज्यांच्याकडे जेवलात ते ओटीवर पडू देतात. निम्मा रस्ता एक, निम्मा दुसरी. बाजूला बसलेलीने झोपायचं नाही, हे पण आधी ठरवायचं. दोघींनाही झोप येत असेल तर घोटीला थांबा, चहा घ्या, गाडीतच सीट मागे करून वीस मिनिटं पडा. आणि शक्य असेल तर सरळ ट्रेननेच जा, लोकल कसाऱ्याहूनच सुटते, खिडकी मिळते, डोंबिवली येईपर्यंत मेल्यासारखं झोपता येतं.

दुसऱ्या दिवसाची सुट्टी टाकता आली तर टाका. आम्ही टाकली नव्हती. सकाळी ८:०४ ला प्लॅटफॉर्मवर दोघी भेटलो, ती पुलावरून रेलिंग धरून एकेक पायरी आडवी उतरत होती, मी खाली उभी होते, माझीही तीच अवस्था. लोकल समोरून गेली. ती उतरेपर्यंत मी थांबले, आणि ती पोचल्यावर लगेच 'चला' म्हटलं नाही.